व्हर्टिगो क्लिनिकचा रिव्ह्यू: आठ महिन्यांनी पहिल्यांदा कुणीतरी माझे डोळे बघितले

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबलचक आहे. क्लिनिकचं नाव टाकत नाहीये, कारण पुढे तक्रारीपण आहेत आणि मला कुणाशी भांडण नकोय. फक्त चक्कर, तोल आणि कान एवढंच बघणारी जागा आहे, कान-नाक-घशाचे एक डॉक्टर, दोन ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याच्या आणि तोलाच्या टेस्ट करणाऱ्या) मुली, एक फिजिओ, बस. ज्यांना महिनोन्महिने चक्कर येतेय आणि प्रत्येक जण वेगळंच काहीतरी सांगतोय त्यांच्यासाठी लिहितेय. चार स्टार देतेय, पाचवा का कापला ते शेवटी.

माझं झालं असं की एकदा पहाटे झोपेतच उजव्या कुशीवर वळले आणि अख्खी खोली फिरायला लागली. म्हणजे डोकं हलकं वाटलं वगैरे नाही हां, खरोखर फिरली, कपाट उजवीकडून डावीकडे धावतंय आणि परत परत धावतंय असं, मी गादीची कड घट्ट पकडून ठेवली कारण आपण खाली पडणार अशी खात्रीच वाटत होती, आडवी असताना पडणार कुठे हा विचार तेव्हा सुचत नाही. अर्धा-पाऊण मिनिट असेल. मग थांबलं. मग मळमळ, घाम, उलटी. नवऱ्याला उठवलं तर तो म्हणाला अगं ऍसिडिटी असेल, झोप. झोपले, परत उजवीकडे वळले, परत तेच.

त्यानंतरचे आठ महिने थोडक्यात उरकते कारण ते आठवून माझंच डोकं फिरतं. पहिल्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, नॉर्मल, चक्करची गोळी दिली. दुसऱ्यांनी मानेचा एक्स-रे काढला, त्यात मणके थोडे झिजलेले दिसले, झालं, स्पॉन्डिलायसिस, पट्टा लावा. आता चाळिशीनंतर एक्स-रे काढला तर मणके झिजलेले कितीतरी जणांचे दिसतात, ज्यांना आयुष्यात कधी चक्कर आलेली नाही त्यांचेसुद्धा, पण हे मला तेव्हा कुठे माहीत होतं, मी इमानेइतबारे दोन महिने पट्टा घालून फिरले. तिसऱ्यांनी मेंदूचा एमआरआय सांगितला. तो नॉर्मल आला. रिपोर्ट हातात पडल्यावर रडू आलं, आनंदाने नाही, वैतागाने. चौथ्यांनी अगदी प्रेमाने विचारलं की घरात काही टेन्शन आहे का. होतं ना! चक्करचंच होतं!

आणि या सगळ्यात गोळ्या चालूच. चक्कर दाबणाऱ्या गोळ्यांनी सुस्ती यायची, दिवसभर कापसात गुंडाळल्यासारखं वाटायचं, आणि पहाटे कूस बदलली की खोली फिरायची ती फिरायचीच.

शेवटी ऑफिसातल्या एकीने या क्लिनिकचं सुचवलं. अपॉइंटमेंट पंधरा दिवसांनी मिळाली. फोनवरच सांगितलं की डॉक्टरांना विचारून चक्करच्या गोळ्या टेस्टच्या दोन दिवस आधी बंद ठेवा, बाकीच्या बीपी-शुगरच्या चालू ठेवा, डोळ्यांना काजळ-मस्कारा लावून येऊ नका, खूप भरल्या पोटी येऊ नका. काजळाचं मला नवल वाटलं. कानाच्या तपासणीला काजळाचं काय काम? तर काम आहे, सांगते पुढे. एक गोष्ट मात्र त्यांनी फोनवर सांगायला हवी होती ती सांगितली नाही, ती म्हणजे सोबत कुणालातरी घेऊन या. मी एकटी गेले. चूक.

वेटिंग रूमबद्दल एक शब्द. चक्करच्या पेशंटसाठी जागा बनवताना काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी कोण बसवतं? वर गरगरणारा पंखा, समोर टीव्हीवर कसलंतरी पळतं चित्र. माझ्या शेजारचे काका डोळे मिटून भिंतीला टेकून बसले होते, मीपण थोड्या वेळाने तेच केलं. पाऊण तास वाट बघितली.

आत गेल्यावर मात्र वेगळंच. मी सवयीने एमआरआयची फाईल पुढे केली, डॉक्टरांनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाले, ताई हे नंतर बघू, आधी मला सांगा चक्कर येते म्हणजे तुम्हाला नेमकं काय होतं, पण ‘चक्कर’ हा शब्द न वापरता सांगा.

आता हे करून बघा. मी दोन मिनिटं गप्पच. कारण आपण सगळ्यालाच चक्कर म्हणतो ना. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती चक्कर, उन्हात घेरी येते ती चक्कर, भोवळ येऊन पडलो ती चक्कर, चालताना तोल जातो तीपण चक्कर, नुसतं डोकं जड आहे तरी चक्कर. त्यांनी सांगितलं की उभं राहिल्यावर अंधारी येत असेल तर बीपी खाली जातंय का ते बघायला लागतं, अगदी शुद्धच हरपत असेल तर हृदयाकडे बघायला लागतं, गरगरत असेल तर कान किंवा मेंदूचा तोलाचा भाग, आणि नुसतंच होडीत बसल्यासारखं दिवस दिवस हलत असेल तर आणखी वेगळं. मी म्हटलं कपाट धावतं. ते म्हणाले, वा, हे उपयोगाचं आहे, कुठल्या बाजूला धावतं?

पण त्यांच्या म्हणण्यानुसार फिरतंय की हलतंय यापेक्षाही दोन प्रश्न जास्त कामाचे. किती वेळ टिकतं, आणि कशाने सुरू होतं. वेळेवरून अर्धा उलगडा होतो. सेकंदांत संपणारी आणि डोक्याच्या ठरावीक हालचालीने येणारी एक जात. वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत चालणारी, सोबत एका कानात दडा बसणं, आवाज येणं, ऐकू कमी येणं अशी असेल तर मेनिएर नावाचा कानाचा आजार. एकदा सुरू झाली की दिवस दिवस थांबत नाही, ऐकायला मात्र नीट येतंय, तर तोलाच्या नसेची सूज असू शकते. आणि मायग्रेनची एक चक्कर असते ती पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत कितीही. मला विचारलं किती वेळ, मी म्हटलं पाच-दहा मिनिटं. तर म्हणाले नीट आठवा, फिरणं पाच मिनिटं की फिरणं थांबल्यावरची मळमळ आणि भीती धरून पाच मिनिटं? आणि खरंच, फिरणं मिनिटभराच्या आतच संपायचं, बाकी सगळी नंतरची घाबरगुंडी. आठ महिने मी प्रत्येक डॉक्टरला ‘दहा मिनिटं’ सांगत आले होते. म्हणजे थोडी चूक माझीपण.

हे बोलणं साधारण वीस मिनिटं चाललं. मग म्हणाले, तपासून बघू, पण मला अंदाज आलाय.

आता ती तपासणी. एका पलंगावर बसवलं आणि डोळ्यांना पोहायच्या गॉगलसारखा एक जाड काळा गॉगल लावला, त्यात आतून इन्फ्रारेड कॅमेरे. आपल्याला मिट्ट अंधार दिसतो पण समोरच्या स्क्रीनवर आपले डोळे मोठ्ठे दिसतात. काजळ यासाठीच नको, कॅमेरा बुबुळ शोधतो आणि काजळाची काळी रेघ दिसली की गोंधळतो. आणि अंधार यासाठी की उजेडात समोरच्या वस्तूवर नजर खिळवून डोळे स्वतःला आवरतात, अंधारात त्यांना धरायला काही नसतं मग खरं काय ते दिसतं.

ऑडिओलॉजिस्ट मुलगी म्हणाली, ताई आता मी तुमचं डोकं डावीकडे वळवून पटकन आडवं करणारे, चक्कर आली तरी डोळे मिटायचे नाहीत. केलं. काहीच नाही. मला वाटलं झालं, इथेपण सगळं नॉर्मलच येणार. मग उजवीकडे पंचेचाळीस अंश मान वळवली, तिने डोकं दोन्ही हातांत धरलं आणि झटकन मागे, डोकं पलंगाच्या कडेखाली थोडं लोंबेल असं. एक, दोन, तीन, चार, काही नाही, आणि मग आलं. सगळं. कपाट नव्हतं म्हणून अंधारच फिरायला लागला. मी किंचाळले, तिचा हात इतका जोरात धरला की नखं लागली असणार बिचारीला. ती शांतपणे म्हणत राहिली, डोळे उघडे ठेवा ताई, उघडे ठेवा, जातंय आता, जातंय, बघा गेलं. आणि गेलं.

मागून डॉक्टरांचा आवाज, “मिळालं.”

नंतर त्यांनी मला रेकॉर्डिंग दाखवलं आणि पैसे वसूल झाले ते इथे. माझेच डोळे, पहिले काही सेकंद एकदम स्थिर, मग बुबुळं गोल गोल पीळ बसल्यासारखी खालच्या कानाकडे फिरतायत आणि सोबत वर वर झटके मारतायत, आधी जोरात, मग मंद, मग बंद. याला निस्टॅग्मस म्हणतात. आठ महिने जे मी शब्दांत सांगू शकले नव्हते ते अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत होतं. मला स्वतःलाच तोपर्यंत कुठेतरी शंका यायला लागली होती की हे मनाचे खेळ तर नाहीत ना. बुबुळं खोटं बोलत नाहीत, असा पीळ मुद्दाम ठरवून कुणाला देताच येत नाही.

आजाराचं नाव बीपीपीव्ही. लांबलचक इंग्रजी नाव आहे, अर्थ एवढाच की जिवाला धोका नसलेली, अचानक झटक्याने येणारी, डोक्याची स्थिती बदलली की होणारी गरगर. व्हर्टिगोच्या, म्हणजे गरगरणाऱ्या चक्करच्या, कारणांमधलं सगळ्यात कॉमन. आतल्या कानात तीन अर्धगोल नळ्या असतात, एकमेकींना जवळपास काटकोनात, खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशी भेटते तशा, आणि त्यात पाणी. डोकं फिरलं की पाणी मागे राहतं आणि त्यावरून मेंदूला कळतं किती वळलो. त्याच्या शेजारच्या कप्प्यात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक बारीक खडे एका चिकट थरावर बसवलेले असतात, सगळ्यांच्याच असतात, ते वर-खाली, पुढे-मागे आणि कलल्याचं कळायला. त्यातले काही सुटतात आणि नळीत शिरतात, बहुतेक वेळा मागच्या नळीत कारण ती सगळ्यात खाली येते. मग आपण कूस बदलली की खडे नळीत घरंगळतात, पाणी ओढलं जातं, आणि डोकं थांबलेलं असताना हा कान ओरडून सांगतो की आपण फिरतोय. दुसरा कान म्हणतो नाही. डोळे कुणाचं ऐकायचं म्हणून धावत सुटतात. पहिले तीन-चार सेकंद काही होत नाही ते खडे हलायला लागणारा वेळ, आणि आपोआप थांबतं ते खडे तळाला जाऊन बसतात म्हणून. एवढं साधं! म्हणजे घड्याळ दुरुस्त करणाऱ्याने झाकण उघडून कचरा दाखवावा तसं.

या टेस्टला डिक्स-हॉलपाईक म्हणतात, मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाईक या दोघांनी १९५२ साली मांडलेली. १९५२! ना मशीन लागत ना सुई, गॉगल नसला तरी बहुतेकदा नुसत्या डोळ्यांनी दिसतं, एक पलंग आणि दोन मिनिटं. माझा राग यावरच आहे. चार ठिकाणी गेले, चौघांकडेही पलंग होता.

एमआरआयबद्दल न्यायाने बोलायचं तर तो अगदीच वाया गेला असं नाही, तोलाच्या नसेवर गाठ वगैरे नाही हे कळलं. पण अमेरिकेतल्या कान-नाक-घसा डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७ च्या गाईडलाईनमध्ये स्पष्ट लिहिलंय की टेस्टमध्ये बीपीपीव्ही दिसला आणि बाकी शंकास्पद काही नसेल तर स्कॅन करू नका, आणि चक्कर दाबायच्या गोळ्या सर्रास देऊ नका. खडे इतके बारीक की साध्या एमआरआयमध्ये दिसतच नाहीत. गोळीने खडा हलत नाही, हे वाक्य डॉक्टरांचं, मी घरी येऊन तीनदा सगळ्यांना ऐकवलं.

मग लगेच तिथेच उपचार. एप्ली मॅन्युव्हर. जॉन एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी शोधलं, पेपर १९९२ साली छापून आला, त्याआधी बरीच वर्षं सोबतच्या डॉक्टरांनी त्यांची चेष्टाच केली म्हणे, कारण डोकं इकडून तिकडे फिरवून चक्कर बरी होते यावर कोण विश्वास ठेवणार. करतात काय, तर त्याच उजव्या स्थितीत आडवं ठेवतात, चक्कर थांबेपर्यंत आणि वर थोडा वेळ, मग डोकं नव्वद अंश डावीकडे, थांबायचं, मग अख्खं अंग डाव्या कुशीवर आणि नाक जमिनीकडे, थांबायचं, मग उठून बसायचं. चक्रव्यूहाचं ते खेळणं असतं ना, गोळी फिरवत फिरवत बाहेर काढायची, तसं कानातला खडा नळीतून फिरवून परत कप्प्यात सोडायचा. तिसऱ्या स्थितीत मला परत आली, पण कमी. बसवल्यावर एकदम पुढे ढकलल्यासारखं झालं, फिजिओने खांदे धरून ठेवले होते म्हणून बरं. आणि मग उलटी झाली. इथे एक तक्रार, उलटीची पिशवी शोधायला त्यांना अर्धं मिनिट लागलं, जिथे दिवसभर लोकांना मुद्दाम चक्कर आणतात तिथे पिशवी हाताशी नको का?

पंधरा मिनिटांनी परत टेस्ट केली, डोळे हलले पण अगदी थोडे. परत एकदा एप्ली. मग रिक्षाने, एकटी, भिंती धरत धरत घरी. म्हणून म्हटलं सोबत कुणीतरी न्या, आणि त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नका.

त्या रात्री घाबरत घाबरत उजव्या कुशीवर वळले. काही नाही. परत वळले. नवरा म्हणाला झोप की आता. अख्खी रात्र मी उगाच कुशी बदलत होते.

पण इथेच संपत नाही, आणि हे कुणी आधी नीट सांगत नाही. गरगरणं गेलं तरी पुढचे दोन-तीन आठवडे चालताना स्पंजवर पाय पडतोय असं वाटायचं, गर्दीत, दुकानाच्या रांगांमधून जाताना कसंतरीच व्हायचं. मला वाटलं उपचार फसला. फोन केला तर फिजिओने सांगितलं असं होतं बऱ्याच जणांना, मेंदूने इतके महिने चुकीच्या निरोपाशी जुळवून घेतलं होतं, आता परत जुळवायला वेळ लागतो, आणि घरात बसून राहिलात तर जास्त लागतो. चाला, मान हलवा, घाबरून मान ताठ धरू नका. पट्ट्याचं काय करू विचारलं तर हसली. काही जणांची ही डगमग महिनोन्महिने राहते, तीन महिन्यांच्या वर गेली तर त्याला वेगळं नाव आहे, पीपीपीडी, त्याचे निकष २०१७ मध्ये ठरले, आणि उपचारपण वेगळे. माझी सुदैवाने गेली.

बाकी टेस्टविषयी. ऐकण्याची तपासणी केली, साउंडप्रूफ खोलीत बसून बीप ऐकू आला की बटण दाबायचं, माझी नॉर्मल आली, म्हणजे मेनिएरची शंका बरीच कमी, कारण त्यात खालच्या सुरांचं ऐकणं आधी जातं. एक टेस्ट डोकं दोन्ही बाजूंना छोटे छोटे झटके देऊन करतात आणि नजर समोरच्या ठिपक्यावर टिकते का ते कॅमेरा बघतो, तीपण मिनिटभरात झाली. मग कॅलरिक. ही भयंकर आहे. एकेका कानात आधी ३० अंशांचं आणि मग ४४ अंशांचं पाणी सोडतात, म्हणजे अंगाच्या तापमानापेक्षा सात अंश कमी आणि सात जास्त, त्याने आतलं पाणी हलतं आणि दोन्ही कान सारखं उत्तर देतात का ते कळतं. रॉबर्ट बारानी म्हणून व्हिएन्नाचे डॉक्टर होते, कान धुताना पाणी गार असेल तर पेशंटना चक्कर येते हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यावरून हे सगळं शास्त्र उभं राहिलं, त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं तेव्हा ते रशियाच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होते. थोर माणूस, मान्य. पण माझं निदान पलंगावर झालेलं असताना पहिल्याच दिवशी ही टेस्ट पॅकेजमध्ये धरून का केली, हे मी विचारलं आणि उत्तर गोलमाल मिळालं. माझ्या मते नको होती. तुम्हाला सांगितली तर विचारा की यातून माझा उपचार बदलणार आहे का.

माझ्यानंतर धाकट्या बहिणीला घेऊन गेले, कारण मला वाटलं तिचंपण खडेच. मी तर घरीच तिला एप्ली करायला निघाले होते, हे माझं अतिशहाणपण. तिची चक्कर तास-दोन तास टिकायची, कधी अख्खा दिवस, उजेड आणि आवाज सहन व्हायचा नाही, डोकेदुखी मात्र दरवेळी नसायची. तिला तसंच झटकन आडवं करून बघितलं तेव्हा डोळ्यांत तसलं काही दिसलं नाही. तिला मायग्रेनची चक्कर निघाली, वेस्टिब्युलर मायग्रेन. लहानपणी बसमध्ये मळमळायचं, आईला अर्धशिशी होती, हे सगळं डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं. यासाठी कुठलीच मशीन ‘हो’ म्हणत नाही, निकष २०१२ मध्ये ठरले ते सगळे पेशंटच्या बोलण्यावरच आहेत, निदान पाच वेळा तरी आलेली हवी, किती वेळ टिकते, सोबत मायग्रेनची लक्षणं निम्म्या वेळा तरी असतात का. तिला न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं, स्वतःकडे धरून ठेवलं नाही, हे मला आवडलं. एकाच घरातल्या दोघी, दोघींचा शब्द ‘चक्कर’च, आणि दोन वेगळे आजार.

तिला सांगितलेला एक उपाय सगळ्यांच्या कामाचा आहे. झटका येईल तेव्हा घरातल्या कुणालातरी मोबाईलवर डोळ्यांचा जवळून व्हिडिओ काढायला सांगा. डोळे उघडे ठेवून, समोर बघत, उजेडात, वीसेक सेकंद. कारण डॉक्टरकडे जाईपर्यंत झटका गेलेला असतो आणि आपल्या हातात नुसतं वर्णन उरतं. सोबत वहीत तीन गोष्टी, तेव्हा मी काय करत होते, किती वेळ घड्याळ लावून, आणि कान. बास.

आणि हे महत्त्वाचं, सगळी चक्कर क्लिनिकची अपॉइंटमेंट घेऊन पंधरा दिवस थांबण्यासारखी नसते. चक्करसोबत बोलणं अडखळतंय, एकाचे दोन दिसतायत, चेहरा किंवा हात-पाय एका बाजूने लुळे वाटतायत, धरल्याशिवाय उभंच राहता येत नाहीये, कधी नव्हतं असं भयंकर डोकं दुखतंय, तर सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला. गरगर सुरू झाली आणि तासन्‌तास थांबतच नाहीये तरीसुद्धा. लहान मेंदूचा स्ट्रोक अगदी कानाच्या चक्करसारखा दिसू शकतो, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयमध्येसुद्धा तो कधी कधी दिसायचा राहतो, म्हणून तिथेपण डोळे बघणारा जाणकार डॉक्टर लागतो. आणि एका कानाचं ऐकणं अचानक गेलं, एक-दोन दिवसांत गेलं, तर मळ असेल म्हणून आठवडा काढू नका, त्याचे उपचार जितके लवकर तितके बरे.

माझं परत आलं का? आलं. पाच महिन्यांनी, परत उजवाच. हे खडे परत सुटतात, बऱ्याच जणांना सुटतात. पण या वेळी मी घाबरले नाही, मनात सेकंद मोजले, बावीस. क्लिनिकने एप्लीची पानं छापून दिली होती आणि फिजिओने तेव्हा माझ्याकडून करूनपण घेतलं होतं, तसं नवऱ्याला जवळ बसवून पलंगावर उशी खांद्यांखाली घेऊन केलं. दोन दिवसांत गेलं. ज्यांना मानेचा किंवा पाठीचा खरा त्रास आहे त्यांनी मात्र घरी करू नका, आणि कुठली बाजू ते एकदा कुणीतरी तपासून सांगितल्याशिवाय तर अजिबातच नको. दुसऱ्या वेळी त्यांनी व्हिटॅमिन डी तपासायला सांगितलं, माझं बरंच कमी निघालं. कोरियात झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, २०२० चा आहे, ज्यांचं डी कमी होतं त्यांना डी आणि कॅल्शियम दिल्यावर परत येण्याचं प्रमाण कमी झालं होतं. चालू केलंय, बघू.

तर हिशोब. बोलणं ऐकून घेणं, पैकीच्या पैकी. तपासणी करणाऱ्या मुली, पैकीच्या पैकी आणि वर एक, तिच्या हातावर माझी नखं उमटली तरी तिने डोकं सोडलं नाही. वेटिंग रूमची फरशी, शून्य. कॅलरिकसाठी थोडे कापले. बाकीचे कापलेत ते रिपोर्टसाठी. व्हिडिओत उजवा, डॉक्टरांच्या अक्षरात उजवा, एप्ली केलं उजव्याला, आणि टाईप केलेल्या रिपोर्टवर ‘डावा कान’. म्हणजे तो कागद घेऊन मी दुसरीकडे गेले असते तर ते चांगल्या कानाला फिरवत बसले असते. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा रिसेप्शनवरची म्हणाली, हो मॅडम, बदलून पाठवतो, कुठला कान म्हणालात?